सोसायटी ग्रुप: वहीतले उणे सहा

सी-३०२: नमस्कार. क्लबरूमच्या शिकवणीतल्या वहीचा फोटो टाकलाय. −१८ आणि −२४ चा मसावि −६, आणि त्यावर बरोबरची खूण! मसावि ऋण कधीपासून यायला लागला? तिथल्या पंख्याचं बिल सगळे मिळून भरतो, म्हणून विचारलं.

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या सकाळी ७ ला नारळ पाडायला पाडेली येणार. माडांखालच्या गाड्या काढाव्यात.

ए-१०१ आबा: दोन्ही संख्या ऋण, म्हणून मसाविही ऋण. साधा हिशेब आहे.

बी-४०४ बाई: तसं नाही आबा. विभाजक लिहून बघा.
−१८ चे: ±१, ±२, ±३, ±६, ±९, ±१८
−२४ चे: ±१, ±२, ±३, ±४, ±६, ±८, ±१२, ±२४
दोन्हींत असलेले: ±१, ±२, ±३, ±६. यात सर्वांत मोठा ६. −६ तर या सामाईक यादीत सर्वांत लहान.

कॅशियर: आबांनी यादी उलटी धरली 😄

ए-१०१ आबा: दोन्ही संख्या ऋण, म्हणून मसाविही ऋण.

ए-३०३: मुलांना एवढंच सांगा: आधी चिन्हं काढून टाका. १८ आणि २४. २४ ला १८ ने भागा, बाकी ६. १८ ला ६ ने भागा, बाकी ०. ज्याने भागल्यावर बाकी ० आली तो ६, तोच मसावि. तिसरी संख्या −४५ असेल तर ६ आणि ४५ चा काढा: ३. चिन्हांचा कुठे संबंधच येत नाही.

ए-३०३: प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. सी भाषेत ही वरचीच भागाकाराची (युक्लिडची) रीत जशीच्या तशी उतरवली तर −१८, −२४ ला −६ मिळतं. तिथे बाकीला भाज्याचं चिन्ह लागतं. शेवटी केवलमूल्य, म्हणजे चिन्ह काढलेली किंमत, घ्यायचं विसरू नये. पायथॉनचं तयार फंक्शन ६ च देतं.

ए-१०१ आबा: बघा, संगणकही −६ म्हणतो. दोन्ही संख्या ऋण, म्हणून मसाविही ऋण.

ए-३०३: आबा, त्याच प्रोग्रामला १८, −२४ दिलं तरी −६ येतं. आणि −१८, २४ दिलं की ६. दोन्हींत एकेकच ऋण. तुमच्या नियमात हे कुठे बसवायचं?

कॅशियर: एक्सेल तर उत्तरच देत नाही. त्याच्या मसाविच्या फंक्शनमध्ये, जीसीडीत, ऋण आकडा घातला की नम एरर. आत आधी एबीएस, म्हणजे उणे चिन्ह काढणारं फंक्शन, लावावं लागतं. सोसायटीच्या शिलकीलाही लावून बघतो एकदा.

सी-२०३: लावत नव्हता का इतकी वर्षं? 🙂

कॅशियर: ऑडिट झालेलं आहे. सभेला या कधीतरी, कळेल.

सेक्रेटरी: कृपया.

बी-४०४ बाई: आबांच्या बाजूनेही थोडं सांगते. −६ दोन्ही संख्यांना भागतो, आणि प्रत्येक सामाईक विभाजक −६ लाही भागतो. नुसती विभाज्यता बघितली तर ६ आणि −६ सारखेच. दोघांत फक्त −१ ने गुणण्याचा फरक. पण उत्तर एकच हवं, म्हणून सगळीकडे धन घ्यायचं ठरलेलं आहे. लसाविचंही तेच. −१८ आणि २४ चा मसावि ६, लसावि ७२, त्यांचा गुणाकार ४३२. संख्यांचा गुणाकार मात्र −४३२. म्हणून "संख्यांचा गुणाकार = मसावि × लसावि" हे सूत्र ऋण संख्यांना लावताना डावीकडे केवलमूल्य घ्यावं लागतं. मुलं इथे हटकून अडकतात.

सी-३०२: देव बरें करूं बाई. म्हणजे खूण चुकीची.

बी-२०१ सर: सगळं पान टाकतो. तुमच्या फोटोत वरचा अर्धा भाग कापला गेलाय, कसा कोण जाणे. प्रश्न होता: −१८क्ष − २४ चे अवयव पाडा. पहिलं पद ऋण असेल तर −६ बाहेर काढायचा, म्हणजे कंस धन पदाने सुरू होतो: −६(३क्ष + ४). ६ बाहेर काढला तरी चूक नाही, ६(−३क्ष − ४) येईल. पण पुढच्या पायरीत तो कंस त्रास देतो.

सी-२०३: अर्ध्या पानावर एवढी चर्चा.

सी-३०२: तुम्ही नका बोलू. पार्किंगचा फोटो तुम्हीही अर्धाच टाकला होता.

बी-४०४ बाई: सर, बाहेर −६ काढणं योग्यच. पण वहीत "मसावि = −६" असं शब्दांत आहे, आणि पेपर तपासणारा त्यालाच धरतो. दोन वेगळ्या ओळी लिहून घ्या: मसावि ६. बाहेर काढला −६.

बी-२०१ सर: मान्य. सोमवारपासून तसंच.

ए-३०३: आणि खालची ओळ कोणी वाचली का? −६(३क्ष − ४). परत गुणून बघा: −१८क्ष + २४. मूळ पद −२४ होतं! ऋण बाहेर गेलं की कंसातल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं. पोरं पहिल्याचं बदलतात आणि दुसरं तसंच ठेवतात. खरी चूक ही आहे, आणि आपण मघापासून −६ वर भांडतोय.

बी-२०१ सर: त्या ओळीभोवती लाल गोल आहे. खूण फक्त वरच्या ओळीला.

सी-३०२: गोल फारच फिका आहे सर. पेन बदला.

ए-१०१ आबा: दोन्ही संख्या ऋण

कॅशियर: आबा 🙏

बी-२०१ सर: सोमवारसाठी प्रश्न देऊन ठेवतो: ० आणि −७ चा मसावि?

ए-१०१ आबा: शून्याला चिन्ह नाही. मग −७ चंच चालणार.

बी-४०४ बाई: ७ च. शून्याला −७ चे सगळे विभाजक भागतात, म्हणून सामाईक ±१ आणि ±७. सर, ० आणि ० मात्र देऊ नका. तिथे प्रत्येक संख्या सामाईक विभाजक, त्यामुळे सर्वांत मोठा सापडतच नाही. तिथलं उत्तर ० हे संकेताने ठरवलेलं आहे, आणि त्यावर हा ग्रुप रात्रभर चालेल.