घरी वापरायचं ते लाईटवालं केस काढायचं मशीन खरंच चालतंय का? घेऊ का नको?

पावसाळी_खानापूर
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूरची, कामाला रोज बेळगावला येते स्कूटीवरून. वैशाखात लग्न ठरलंय, म्हणजे हातात पाचेक महिने आहेत. वॅक्सिंगला कंटाळलेय मी, दर तीन आठवड्यांनी रविवार जातो, वर मांडीवर बारीक बारीक पुटकुळ्या उठतात त्या आठ दिवस जात नाहीत. आता मोबाईल उघडला की त्या लाईटवाल्या मशीनच्याच, आयपीएल म्हणतात त्याच्या जाहिराती, नऊ हजारापासून तीस हजारापर्यंत, कायमचे केस जातात म्हणतात. शिवाय तो दोनशे रुपयांचा घासायचा दगड आणि एपिलेटर पण दिसतंय. यातलं कुणी स्वतः वापरलंय का ते सांगा, जाहिरातीतलं नको. आई म्हणते ब्लेड लावू नको, केस राठ येतात, पण त्या मशीनच्या आधी ब्लेडच मारायला लागतं म्हणे, मग कसं करायचं? आणि हनुवटीला पण हल्ली केस यायला लागलेत, वर्षभरापूर्वी नव्हते, तिथं पण चालेल का हे विचारायचं होतं.

शहापूरची_सून
मी आयपीएल वापरते, दीड वर्ष झालं, म्हणून सविस्तर लिहिते. माझा रंग गव्हाळ, केस काळे आणि जाड. पहिल्या दिवशी पोटरीवर रुपयाएवढ्या जागेत करून बघितलं आणि दोन दिवस थांबले, ही टेस्ट चुकवू नकोस. काच अंगाला दाबून धरायची, बटण दाबलं की जुन्या फोटो स्टुडिओतल्या फ्लॅशसारखा लखकन उजेड होतो, डोळे मिटले तरी आत लाल दिसतं, आणि कोंबडी भाजताना येतो ना तसला थोडासा वास येतो. चटका म्हणजे रबर बँड लागल्यासारखा, हाड जवळ आहे तिथं जास्त.

पहिला महिना काहीच झालं नाही, मी तर पैसे बुडाले म्हणून रडवेली झाले होते. मग चौथ्या वेळेनंतर, म्हणजे दोन महिन्यांच्या आसपास, पोटरीवर मध्ये मध्ये मोकळी जागा दिसायला लागली, शेतात बी उगवलेलं नसतं तशी. काखेत सगळ्यात चांगला फरक पडला. आता काखेत जे येतात ते मऊ आणि विरळ. पण गेले असं मी म्हणणार नाही. मध्ये चार महिने सासूबाईंच्या आजारपणात मशीन हातात घेतलं नाही तर निम्म्याच्या जवळपास परत आले, आणि आता महिना दीड महिन्यातून एकदा फिरवावंच लागतं. दोन्ही पायांना पाऊण तास लागतो, मध्येच करंट गेला की तसंच बसायचं.

आणि एक, तू स्कूटीवर येतेस म्हणून सांगते. माझ्या दंडावर मशीन चालतं आणि मनगटापासून कोपरापर्यंत चालत नाही. अक्षरशः त्याच हातावर. सेन्सर आहे, तो कातडीचा रंग बघतो आणि उन्हानं काळवंडलेल्या भागावर नुसती लाईट लुकलुकते, फ्लॅश सोडतच नाही. मला वाटलं मशीन बिघडलं, दुकानात नेऊन आले. बिघडलं नव्हतं, भाजू नये म्हणून ते थांबत होतं. सेन्सर नसलेलं मशीन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नकोस गं.

अनगोळकर_अक्का
माझं सतरा वर्षांचं पार्लर आहे, वॅक्सवर माझं पोट चालतंय तरी खरं ते सांगते. आयपीएल चालू केलं की वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद करायचं. मुळातून केस उपटला तर उजेड तापवणार कशाला? केस कातडीच्या आत पाहिजे, फक्त बाहेरचा भाग नको, म्हणून आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रेझर मारायचं. माझ्याकडे दोन पोरी आल्या होत्या, सहा महिने मशीन पण मारत होत्या आणि मध्ये मध्ये वॅक्स पण करत होत्या आणि म्हणत होत्या काही उपयोग नाही. कसा होणार?

तुझ्या आईला सांग, ब्लेडनं केस राठ होत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला टोचतं, एवढंच. १९२८ मध्येच अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर म्हणून संशोधक बाई होत्या त्यांनी पुरुषांच्या दाढीवर हे तपासून बघितलंय, मुळाला ब्लेड लागतच नाही तर केस जाड होईल कसा. तरी आपल्या आया ऐकत नाहीत, माझी पण ऐकत नव्हती.

तो दगड म्हणजे खरबरीत केलेली काच असते. घासून केस मोडतो, मुळाला काही नाही. पायाला हलक्या हातानं ठीक, पण चेहऱ्यावर नको म्हणजे नको. एक मुलगी वरच्या ओठावर घासून आली होती, कातडी सोलली आणि पुढं तीन महिने मिशीच्या जागी काळा पट्टा. केस परवडले असते.

एपिलेटर म्हणजे वीस-तीस चिमटे एकदम फिरतात असं समज. गरम पाण्यानं अंघोळ करून, अंग कोरडं करून, कातडी ताणून धरून, केसाच्या उलट दिशेनं हळू न्यायचं. पहिल्या वेळी डोळ्यांतून पाणी येतं, तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून सोसतं. तीन आठवडे पाय गुळगुळीत राहतात. पण ज्यांना वॅक्सनं पुटकुळ्या येतात त्यांना यानं पण येतात, केस आतल्या आत वळतो, त्यामुळं तुला मी एपिलेटर घे म्हणणार नाही.

निपाणी_तालीम
आम्हा पुरुषांचं पण विचारा की कुणीतरी. तालमीत पाठीवर, छातीवर केस असले की माती घाम बसून खाज उठत्या. आधी एकाच रेझरनं आम्ही तिघं चौघं करत होतो, मग मला असले फोड आले की सोळा दिवस तालीम बंद, डॉक्टर चांगलेच बोलले. आता मी माझा ट्रिमर घेतलो, अंगाला अर्धा मिलिमीटर ठेवतो, एकदम मुळापासून काढत नाही, फोड थांबले. केस आठ दिवसांत येतात, येऊ देत की. दुसऱ्याचं रेझर नाही, एपिलेटर तर नाहीच नाही, एवढं मात्र पाळा.

टिळकवाडी_५८
माझं वय नावातच आहे. मुलीनं पुण्याहून हौसेनं मशीन पाठवलं, हनुवटीसाठी. सहा महिने नेमानं केलं. जे चार काळे होते ते कमी झाले, पांढरे जसेच्या तसे. मग कळलं की पांढऱ्या केसाला हा उजेड लागतच नाही, कारण त्यात रंगच नसतो. मुलीला वाईट वाटेल म्हणून मी बरेच दिवस सांगितलंच नाही. आता सकाळी खिडकीत उजेडाला बसते, मोठं दिसणारा आरसा आणि चिमटा, पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांचे केस पिकायला लागलेत त्यांनी पैसे घालू नयेत एवढंच सांगायला लिहिलं.

स्किन_ओपीडी
मी त्वचारोग विभागात काम करते. वर सगळ्यांनी अनुभवाचं लिहिलंय आणि बहुतेक बरोबर आहे, फक्त का ते सांगते.

दुपारी अंगणातल्या काळ्या कडप्प्यावर पाय भाजतो, बाजूच्या पांढऱ्या फरशीवर नाही. आयपीएल तसंच आहे. केसातला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, उजेड शोषून तापतो आणि ती उष्णता मुळाला लागते. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी हे तत्त्व मांडलं, पुढची सगळी लेझर त्यावरच उभी आहेत. अडचण अशी की तोच मेलॅनिन आपल्या कातडीत पण आहे आणि उजेडाला केस कुठला, कातडी कुठली हे कळत नाही. म्हणून गोऱ्या अंगावर काळा केस असेल तर उत्तम, गव्हाळला जपून, गडद सावळ्या रंगाला घरचं मशीन नको, भाजून डाग पडतात. दवाखान्यात सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर वापरतात, ते वरच्या रंगात कमी अडकतं आणि खोल जातं. रंग सावळा म्हणून पर्याय नाही असं कुणी समजू नका, फक्त तो घरात करायचा पर्याय नाही.

एका वेळी सगळे केस वाढीत नसतात, पायावरचे तर बरेचसे झोपलेले असतात, आणि जो वाढीत आहे त्यालाच मार बसतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने दर दोन आठवड्यांनी करावं लागतं. आणि "कायमचे जातात" हा जाहिरातीतला शब्द सोडून द्या. अमेरिकेत औषधं-मशीनला परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी खात्यानं पण अशा मशीनला "पर्मनंट रिडक्शन" एवढंच म्हणू दिलंय, म्हणजे केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणं. एकही येणार नाही असा त्याचा अर्थ नाही. एकेक केस कायमचा घालवायचा तर इलेक्ट्रोलिसिस, बारीक सुई घालून मूळ जाळतात, ते पांढऱ्या केसाला पण चालतं. पण ते शिकलेल्या हातानंच करायचं आणि वेळ फार जातो.

तीळ, टॅटू यावर फ्लॅश मारू नका. गरोदर असाल तर थांबा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता पावसाळी_खानापूर, तुझ्या हनुवटीबद्दल. वर्षभरात नवीन राठ केस आले असतील तर मशीन नंतर, कारण आधी. पाळी वेळेवर येते का? वजन वाढलंय का, मुरुम? पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडण्याचा अंडाशयाचा त्रास, असेल तर वरून कितीही काढले तरी आतून येत राहणार. आणि चेहऱ्यावर, जबड्याखाली आयपीएलनं कधी कधी उलट केस वाढतात. बारीक लव असते तिला अर्धवट ऊब मिळते आणि ती जाड होते, हार्मोनचा त्रास असणाऱ्यांत हे जास्त दिसतं. अजून एक विचारते, रागावू नकोस: चेहऱ्याला कुठलं क्रीम लावतेस का?

पावसाळी_खानापूर
पाळी तशी वेळेवर आहे. क्रीम हो, लावते. लग्न ठरवायचं चाललं होतं तेव्हा मेडिकलमधून घेतलं होतं, उजळ होण्यासाठी. वर्ष होत आलं. लावायचं बंद केलं की तोंड लाल होतं आणि आग होते म्हणून परत लावते. ट्यूब बघितली आत्ता, बारीक अक्षरात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं लिहिलंय.

स्किन_ओपीडी
मला तीच शंका होती. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. महिनोन्महिने चेहऱ्याला लावलं की कातडी पातळ होते, उन्हात आग होते, आणि चेहऱ्यावर केस वाढतात. असली स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, २०१८ मध्ये ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत घातली आहेत, तरी काउंटरवर मागितली की मिळतात आणि आमच्याकडे दर आठवड्याला अशा मुली येतात. तुझी काही चूक नाही. पण स्वतःहून एकदम बंद पण करू नकोस, आग वाढते आणि परत लावलं जातं. ट्यूब घेऊन बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या नाहीतर केएलई हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत ये, हळूहळू कसं सोडवायचं ते ठरवतात. लागलं तर हार्मोनच्या तपासण्या पण तिथंच होतील. तोपर्यंत चेहऱ्यावर मशीन, दगड, ब्लीच, वॅक्स काही नको. हनुवटीचे फारच दिसत असतील तर कात्रीनं कापून घे. क्रीममुळं आलेले केस क्रीम सुटल्यावर पुष्कळदा आपोआप कमी होतात, त्याला काही महिने लागतात.

शहापूरची_सून
पायाला माझं मशीन बघायचं असेल तर ये रविवारी, खडेबाजारात येतेसच. तुझ्या पोटरीवर टेस्ट करून बघू, सेन्सर घेतो का नाही ते तिथंच कळेल, मग पैसे घाल. येताना पोटरीला एवढ्यात वॅक्स केलेलं नको हां. आणि आतापासून स्कूटीवर पूर्ण बाह्यांचे हातमोजे घाल.

पावसाळी_खानापूर
अक्का, ताई, सगळ्यांचे खरंच आभार. आईला ट्यूब दाखवली, ती गप्पच झाली, कारण पैसे तिनंच दिले होते, मग म्हणाली सोमवारी सुट्टी काढ, मी पण येते सिव्हिलला. केसपेपर सकाळी किती वाजता काढतात तेवढं सांगा.

स्किन_ओपीडी
नऊच्या आत ये, नंतर रांग वाढते. ट्यूब विसरू नकोस, आणि त्या दिवशी तोंडाला पावडर, फाउंडेशन काही लावून येऊ नकोस.