जुन्या भयपटांच्या जाहिराती: कात्रण जपावे की संपूर्ण पान?

प्रश्न:
नमस्कार. १९२० व १९३० च्या दशकांतील अमेरिकी वृत्तपत्रे मी जमवतो, आणि त्यांतही भयपटांच्या जाहिराती असलेले अंक मला विशेष प्रिय आहेत. नुकताच ‘ड्रॅक्युला’ची जाहिरात असलेला १९३१ सालचा एक अंक हाती आला, परंतु त्याच्या कडा तपकिरी पडल्या असून पान उलटताना घडीवरचा कागद भुकटी होऊन गळतो. जाहिरात तेवढी कापून घ्यावी काय?

पहिले उत्तर:
कृपया कापू नका. त्या काळी स्टुडिओ चित्रपटगृहांना जाहिरातींचे तयार कागदी साचे पुरवत. स्थानिक छापखान्यात त्यांवरून धातूचा ठसा ओतला जाई आणि चित्रपटगृहाचे नाव व खेळांच्या वेळा त्याला जोडल्या जात. त्यामुळे तेच चित्र गावोगावच्या वृत्तपत्रांत सापडते, आणि आपल्या अंकाचे वेगळेपण असते ते त्या जोडलेल्या ओळींत, पानाच्या माथ्यावरील तारखेत व शेजारच्या मजकुरात. शिवाय ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ १९३८ मध्ये जोडीने पुन्हा प्रदर्शित झाले होते, म्हणून तारीख नसलेल्या कात्रणाचे साल छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसरे उत्तर:
कागदाविषयी थोडे सांगतो. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन (लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा घटक) प्रकाशाने व हवेने पिवळे पडते आणि आम्लामुळे तंतू तुटत जातात. ही झीज उलटवता येत नाही, मंद मात्र करता येते. घडी जोर लावून उघडू नये. पान आम्लरहित पेटीत, अंधाऱ्या व कोरड्या जागी आडवे ठेवावे, आणि पॉलिएस्टरच्या पारदर्शक आवरणात घालणार असाल तर मागे अल्कधर्मी कागद अवश्य ठेवावा, कारण नुसत्या बंद आवरणात आम्ल कोंडून राहते. पीव्हीसीचे आवरण आणि चिकटपट्टी पूर्णपणे टाळावी. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरून कायमचा डाग पडतो.

तिसरे उत्तर:
वरील दोन्ही मतांशी सहमत आहे. १९२७ च्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही; तो चित्रपट प्रेक्षकांसमोर कसा मांडला गेला, हे आपल्याला छायाचित्रे व जाहिराती यांवरूनच कळते. असे पान मिळाल्यास हाताळणी वाढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे आधी काढून ठेवावीत.