सलईचा डिंक काढताना झाडं मरतायत, रिसर्चला पैसे द्यायचेत, कुणाला द्यावे?

लष्करवाला:
नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचं धूपाचं छोटं युनिट आहे, आजोबांपासूनचं. सलईचा डिंक श्योपूरकडून येतो, तिथले सहरिया आदिवासी गोळा करतात. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच त्यांच्यासोबत जंगलात गेलो आणि बघवलं नाही हो, कुऱ्हाडीचे इतके खोल घाव की खोड निम्मं उघडं पडलंय, शेंडे वाळलेत आणि खाली सलईचं एकही लहान रोप नाही. त्यांना दोष देत नाही, किलोवर पैसे मिळतात म्हटल्यावर माणूस जास्त घाव घालणारच, आणि तो भाव आम्ही व्यापारीच ठरवतो. घाव किती खोल असावा, झाडाला किती वर्षं विश्रांती द्यावी, यावरच्या रिसर्चला नफ्यातून दरवर्षी काही द्यायचंय. पण कुणाला? आणि एकट्याच्या पैशाने होणार काय?

बॉटनीवाली:
दादा, जबलपूरच्या टीएफआरआयला, म्हणजे ट्रॉपिकल फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटला आधी भेटा, मध्य भारतातल्या जंगलांवरच त्यांचं काम आहे. सलई म्हणजे आयुर्वेदातली शल्लकी, सांधेदुखीच्या औषधात जाते, त्यामुळे आयुष मंत्रालयाच्या औषधी वनस्पती बोर्डाकडेही विचारता येईल. लहान रोपं नाहीत म्हणालात ना, तीच खरी भीती आहे. इथिओपियाकडे सलईचंच भावंड आहे, त्यावर 2019 मध्ये अभ्यास आला, मोठी झाडं मरतायत, नवी उगवत नाहीत, 20 वर्षांत डिंक निम्म्यावर येईल. फक्त एक करा, तीन वर्षांची ग्रांट देऊन मोकळे होऊ नका. मी अशाच एका प्रोजेक्टवर होते, पैसे संपले आणि झाडांवरचे नंबरचे पत्रे तसेच लटकत राहिले, घाव भरले की नाही ते बघायला परत कुणी गेलंच नाही. अजून जीव तुटतो आठवलं की.

रांचीकर:
एकट्याने नका करू. लाखेचं बघा, रांचीजवळ नामकुमला 1924 मध्ये लाखेची संशोधन संस्था निघाली आणि 1930 च्या कायद्याने लाखेच्या निर्यातीवर सेस, म्हणजे उपकर बसला, त्यातून तिचा खर्च चालायचा. म्हणजे धंद्याने आपल्याच कच्च्या मालाच्या रिसर्चचा खर्च उचलला. तुमच्या बाजारातले धूपवाले किलोमागे थोडे थोडे काढतील तर रक्कम दरवर्षी येत राहील.

जंगलातले काका:
बेटा, घावांबरोबर वणवा आणि चराई पण धर, रोपं त्यातच जातात. सलई जाड फांदी लावूनही येते, तेही करून बघा. आणि सहरियांना मजूर म्हणून नको, ट्रायलमध्ये बरोबरीने घ्या, 2006 च्या वनहक्क कायद्याने डिंकासारख्या गौण वनोपजावर हक्क त्यांचाच आहे. उथळ घावाने पहिल्या वर्षी डिंक कमी आला तर ती तूट फंडातून भरा, नाहीतर पोटासाठी पुन्हा खोल घाव पडतील.

लष्करवाला:
काका, तुटीचं डोक्यातच आलं नव्हतं. बाजारातल्या दोघांशी आज बोललो, एक लगेच हो म्हणाला, दुसरा दिवाळीनंतर बघू म्हणतोय. पुढच्या आठवड्यात जबलपूरला जातो, ताई, तुम्हाला जमेल का सोबत?