सहा आउटलेट झाली पण पोरं टिकत नाहीयेत, नेमकं काय चुकतंय?

कॉलेजरोडकर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय. २०१९ ला मी आणि बायकोने नाशकात कॉलेज रोडला छोटं कॉफी शॉप काढलं, आम्ही दोघं आणि तीन पोरं. आज सहा आउटलेट आहेत, चार नाशकात, एक संभाजीनगरला, एक पुण्यात, माणसं ५४. धंद्याचं टेन्शन नाही, माणसांचं आहे. वर्षभरात ३१ जण सोडून गेले, बहुतेक चार महिन्यांच्या आत. दूध स्टीम करायला हात बसेपर्यंतच महिना जातो, म्हणजे पोरगा तयार झाला की चालला. पगार १५ ते १८ हजार, एक वेळचं जेवण, आसपासच्या कॅफेंपेक्षा कमी नाही. पहिल्या तिघांपैकी दोघांना मॅनेजर केलं, त्यातल्या एकाच्या हाताला अशी चव आहे की लोक त्याची शिफ्ट विचारून येतात, पण सगळ्यात जास्त पोरं त्याच्याच आउटलेटमधून गेली. हजेरी, रोस्टर (कोणाची शिफ्ट कधी ते) सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं, पगाराचं सीए बघतात. एचआरचा माणूस ठेवू का सरळ दोन हजार वाढवून टाकू? ज्यांनी या लाइनमध्ये काम केलंय त्यांनी मनापासून सांगा.

रात्रपाळी
दादा, आधी मागच्या तीन महिन्यांचे रोस्टर काढून बसा. मी पुण्यात एका मोठ्या चेनमध्ये चार वर्षं होतो, शेवटची दोन शिफ्ट इनचार्ज. रात्री ११ ला शटर, मग मशीन बॅकफ्लश म्हणजे आतून धुणं, ग्राइंडर साफ, कॅश टॅली, निघेपर्यंत साडेबारा, आणि त्याच पोराला सकाळी साडेसहाला ओपनिंग. घरी जाऊन येऊन झोप किती होते हिशोब करा. सोमवारचं रोस्टर रविवारी रात्री दहाला पडायचं, त्यामुळे कोणी कोणाला शब्द देऊ शकत नव्हतं, लग्नकार्य, परीक्षा काहीच ठरवता यायचं नाही. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याचा वीकऑफ आदल्या रात्री कॅन्सल झाला, मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. पगार तेव्हा कमी नव्हता हो.
क्लोजिंग आणि ओपनिंगमध्ये ११ तास तरी सोडा, रोस्टर दहा दिवस आधी लावा, आणि एकदा दिलेली सुट्टी मॅनेजरला परस्पर काढता येणार नाही असा नियम करा. ग्राहक वाढले म्हणून ऐनवेळी माणूस लागलाच तर विचारून बोलवा, आणि येईल त्याला जास्तीचे पैसे द्या.

हिशोबनीस_नगर
मी छोट्या हॉटेलवाल्यांचं पेरोल बघतो, तुमच्याकडे मला धोका वेगळा दिसतोय. सहा दुकानं असली तरी पीएफसाठी सगळ्या शाखांची माणसं एकत्र धरतात, २० झाली की लागू. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, १० माणसांना लागतं, २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना, कामगाराचे पाऊण टक्का आणि तुमचे सव्वातीन. पोराची आई आजारी पडली तर ईएसआयच्या दवाखान्यात इलाज होतो, हे कोणी त्यांना समजावूनच सांगत नाही, त्यांना फक्त पगारातून कापलेलं दिसतं. कार्ड काढून हातात द्या, दवाखाना कुठे आहे ते दाखवा.
ओव्हरटाइम दुप्पट दराने. नेमणूक पत्र प्रत्येकाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात सोडून गेलेल्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचाय, महिनाभर लटकवायचा नाही. आणि कॅश शॉर्ट आली तर काय करता? सगळ्यांच्या पगारातून सारखं कापत असाल तर आजच थांबवा. ज्याच्या हातून नुकसान झालं त्याला विचारल्याशिवाय, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कापता येत नाही.

कॅपुचिनोताई
मी बरिस्ता, म्हणजे कॅफेत कॉफी बनवणारी होते, आता स्वतःचं छोटं दुकान आहे. मुलींबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. साडेअकराला शटर पडल्यावर बाहेर एकटीने रिक्षा शोधत उभं राहणं, ही एक गोष्ट पुरेशी होती मला नोकरी सोडायला. रात्री साडेनऊनंतर थांबवायचं असेल तर आधी तिची संमती घ्या आणि घरापर्यंत सोडायची सोय करा. १० च्या वर माणसं आहेत म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष बाई आणि एक सदस्य बाहेरचा. नुसती कागदावर नको, कोणाला फोन करायचा ते नाव प्रत्येक आउटलेटच्या मागच्या खोलीत लावा.
दुसरं टिपचं. क्यूआरवर आलेली टिप मालकाच्या खात्यात जाते आणि तिथेच राहते, हे पोरांना बरोबर कळतं. रोज किती आली ते लिहून ठेवा आणि तासांप्रमाणे वाटा, भांडी घासणाऱ्या मावशींनाही.

कॉलेजरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून रोस्टर काढले. एकाच आउटलेटला तीन महिन्यांत २२ वेळा क्लोजिंगनंतर सकाळी ओपनिंग लागलंय, आणि ते त्याच मॅनेजरचं आउटलेट आहे. शॉर्टेजही तो सगळ्यांकडून वसूल करत होता, मला माहीतच नव्हतं, पण मला माहीत नसणं हीच माझी चूक आहे. कापलेले पैसे या पगारात परत देतोय. त्याला काढावं असं बायको म्हणते, मला जीवावर येतंय, पहिल्या दिवसापासूनचा पोरगा आहे.

रात्रपाळी
काढू नका दादा. त्याला कॉफी येते, माणसं सांभाळायला त्याला कोणी शिकवलंच नाही. स्टारबक्सने २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतली ७१०० दुकानं एका संध्याकाळी बंद ठेवली होती, फक्त एस्प्रेसो नीट करायला शिकवण्यासाठी. तुम्ही सहा दुकानांचे मॅनेजर आणि शिफ्ट इनचार्ज एक दिवस एकत्र बसवा, रोस्टर कसं लावायचं, चुकलेल्या पोराशी ग्राहकासमोर न ओरडता कसं बोलायचं एवढंच घ्या. आणि याला विचारा, तुला मॅनेजर राहायचंय का कॉफीच्या काउंटरवर? सहाही दुकानांच्या नवीन पोरांना दूध स्टीम करणं आणि एस्प्रेसोचा शॉट शिकवायचं काम त्याला द्या, मॅनेजरच्याच पगारात. मला असं कोणी विचारलं असतं तर मी अजून तिथेच असतो.

कॉलेजरोडकर
हे पटलं. उद्या सकाळी त्याच्याच हातची कॉफी घेऊन विचारतो, आणि सोडून गेलेल्या ३१ जणांनाही एकेक करून फोन लावतोय.