विषय: लोकरी बुटांची यादी, आणि 'मेंढी कुठली?'

प्रेषक: धरमपेठ, नागपूर

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात नागपूरला येणाऱ्यांसोबत मेंढीच्या कातड्याचे बूट मागवायची यादी उघडली आहे. पैसे गोळा करायच्या आधी दोन प्रश्नांचा निकाल लावा.

पहिला. डब्यावर मोठ्या अक्षरात 'ऑस्ट्रेलिया' आणि आतल्या चिठ्ठीवर 'मेड इन चायना'. मग तो बूट बनावट काय?

दुसरा. यादीतली दोन घरं माळकरी आहेत. कातड्यासाठी मेंढी मारतात का, आणि जिवंतपणी तिचं काय करतात, हे ते विचारून राहिले. उगाच गोड उत्तर नको. नाही जमत तर नाही म्हणून सांगू.

---

प्रेषक: मेलबर्न
उत्तर: लोकरी बुटांची यादी

बनावट असेलच असं नाही. या बुटांना 'अग' (UGG) म्हणतात, आधी त्या नावाचा घोळ समजून घ्या.

ऑस्ट्रेलियात 'अग' हे कुणा एकाचं नाव नाही. (आपल्या कानाला ते कुणीतरी बायकोला हाक मारल्यासारखं लागतं, पण असो.) चप्पल म्हणावं तसं हे एका प्रकाराचं नाव आहे. 'अग बूट्स'सारखी एक नोंद तिथल्या ट्रेडमार्कच्या यादीतून २००६ मध्ये काढून टाकली गेली. अमेरिकेत मात्र हे नाव डेकर्स कंपनीच्या मालकीचं आहे. तिने १९९५ मध्ये तो धंदा विकत घेतला, आणि तिचे बूट मुख्यतः चीन आणि व्हिएतनाममध्ये शिवले जातात. म्हणजे अस्सल डेकर्सच्या बुटावरही 'मेड इन चायना' असू शकतं. उलट मेलबर्नच्या बाजारात 'ऑस्ट्रेलियन' नाव मिरवणारा बूटही बाहेरून आलेला असू शकतो.

न्यू जर्सीच्या मंडळींनी एक लक्षात ठेवा. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन लेदर या कंपनीने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना 'अग' नावाने बूट विकले, आणि २०१९ मध्ये शिकागोच्या ज्युरीने तिला साडेचार लाख डॉलरचा दणका दिला. म्हणून बरेच ऑस्ट्रेलियन कारागीर त्या नावाचा माल अमेरिकेला पाठवतच नाहीत. नागपूरला न्यायचे बूट ऑस्ट्रेलियातून येणाऱ्यांनीच आणावेत, अमेरिकेतून फिरवून नको.

आता शब्द नीट वाचा. 'ऑस्ट्रेलियन शीपस्किन' याचा अर्थ कातडं तिथलं, शिवण कुठलीही. 'मेड इन ऑस्ट्रेलिया' याचा अर्थ मालाचं शेवटचं मोठं रूपांतर तिथे झालं, कातडं कुठलंही. निम्मा खर्च देशातच झाला पाहिजे ही जुनी अट २०१७ मध्ये गेली. 'प्रॉडक्ट ऑफ ऑस्ट्रेलिया' हा सगळ्यात कडक शब्द (माल आणि काम जवळजवळ सगळं तिथलंच), आणि बुटावर तो क्वचितच दिसतो, कारण ऑस्ट्रेलियातली मेंढीची कातडी मोठ्या प्रमाणात मीठ लावून चीनला कमावण्यासाठी, म्हणजे त्यांचं टिकाऊ चामडं करण्यासाठी, जातात. मेंढी एका देशातली, टॅनरी (कातडी कमावण्याचा कारखाना) दुसऱ्या देशातली आणि शिलाई पुन्हा पहिल्या देशात, असा प्रवास इथे नेहमीचा आहे.

हिरव्या त्रिकोणात सोनेरी कांगारू असेल तर त्या चिन्हाचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर सापडते. दुकानाचं नाव तिथे नसेल तर चिन्ह छापलेलं असूनही विकत घेऊ नका.

---

प्रेषक: नॉर्दॅम्प्टन
उत्तर: लोकरी बुटांची यादी

मेलबर्नच्या ताईंनी शब्द सांगितले, मी कातडं सांगतो.

खरा बूट 'ट्विन-फेस' कातड्याचा असतो. एकच कातडं, आत लोकर, बाहेर घासून मऊ केलेली मांसाकडची बाजू. नकलीत बाहेर गाईचं स्वेड किंवा निव्वळ सिंथेटिक, आणि आत वेगळं अस्तर चिकटवलेलं. दुकानात उभ्या उभ्या असं पाहा:

वरच्या काठाजवळची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवा. मुळाशी सलग कातडं दिसलं तर ठीक. जाळीदार विणलेला कपडा दिसला तर ती लोकर नुसती विणून लावलेली आहे. मग पुढच्या पंज्यात बोटं घालून तेच करा, कारण पैसे तिथे वाचवतात. पायाखालच्या तळव्यालाही हीच परीक्षा. नामांकित बुटांतही तळव्याला कापडावर विणलेली लोकर असते. ती फसवणूक नव्हे, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं, फक्त ती लवकर दबते. तळवा बदलता येतो का, एवढं विचारा.

जाळायची परीक्षा घरी. चार धागे चिमटीत धरून पेटवा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. थोडी भेसळ असेल तर राखेतच खडे लागतात.

युरोपात घेणाऱ्यांसाठी सोपी खूण. पादत्राणाच्या चिठ्ठीवर तीन भागांची चित्रं असतात: वरचा भाग, अस्तर नि तळवा, सोल. प्रत्येकासमोर पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड, पत्त्यांतल्या चौकटसारखी आकृती म्हणजे इतर. त्या भागाचं किमान ८० टक्के क्षेत्र (सोलच्या बाबतीत घनफळ) ज्या मालाचं असेल त्याची खूण लागते, बाकी २० टक्क्यांबद्दल चिठ्ठी गप्प असते.

क्रोमबद्दल. बहुतेक कातडी क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेली असतात. त्यात वापरतात तो तीन संयुजेचा क्रोमियम, आणि त्याची फारशी भीती नाही. भीती सहा संयुजेच्या क्रोमियमची, ज्याने त्वचेवर अ‍ॅलर्जी उठते. युरोपात २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात त्याची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे. टॅनरीने वाईट तेल वापरलं असेल तर नंतर कोरड्या उष्णतेने आणि उन्हाने चांगल्या क्रोमचाही वाईट होऊ शकतो. नागपूरकरांनो, मे महिन्यात गच्चीवर बूट वाळत घालू नका, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी. (टॅनरीच्या सांडपाण्याचा विषय नीरीच्या (राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या) गावाला मी काय शिकवणार!)

'लेदर वर्किंग ग्रुप'चं सुवर्ण किंवा रौप्य प्रमाणपत्र दाखवतील. ते टॅनरीचं पाणी, रसायनं, ऊर्जा तपासतं आणि कातडं कोणत्या कत्तलखान्यातून आलं त्याचा माग कितपत लागतो हेही पाहतं. शेतावर मेंढीला कसं वागवलं हे त्यात नाही. दुकानदार ते प्रमाणपत्र प्राणिदयेचं म्हणून पुढे करेल तर त्याला वाचता येत नाही, किंवा तुम्हाला येत नाही असं तो धरून चालला आहे.

---

प्रेषक: क्राइस्टचर्च
उत्तर: लोकरी बुटांची यादी

पशुवैद्यक म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. माळकरी घरांना थेट उत्तर: हो, मेंढी मेलेली असते. बुटाचं कातडं लोकरीसारखं कातरून मिळत नाही. मात्र ती मुख्यतः मांसासाठी मारली जाते. कातड्याचा वाटा जनावराच्या किमतीत लहान असतो, आणि मधल्या काळात ऑस्ट्रेलियात भाव इतके पडले की कातडी पुरून टाकायची वेळ आली होती. म्हणून 'बुटांसाठी कत्तल' हे म्हणणं बरोबर नाही. 'बुटांचा कत्तलीशी संबंध नाही' हेही नाही.

'शियरलिंग' म्हणजे अगदी कोवळं पिल्लू, हा समज चुकीचा. मारण्याआधी एकदा कातरलेल्या मेंढीचं, सारख्या उंचीच्या लोकरीचं कातडं म्हणजे शियरलिंग. जन्मून काही दिवसांत मारलेल्या कोकरांचं कातडं ते काराकुल. त्याच्या टोप्या नि कोट होतात, जिना टोपी त्यातलीच. आपले बूट त्यातले नव्हेत.

खरा वाद मल्सिंगचा. मेरिनो या बारीक लोकरीच्या जातीच्या मेंढीच्या शेपटीभोवती सुरकुत्या असतात, त्यात लघवी आणि शेण साठतं, आणि ल्युसिलिया क्युप्रिना नावाची माशी तिथे अंडी घालते. अळ्या जिवंत मेंढीचं मांस खातात. ते टाळायला कोकराच्या मागच्या भागाची कातडीची पट्टी कापून काढतात, म्हणजे तिथे लोकर उगवत नाही. ऑस्ट्रेलियात हे अजून चालतं. व्हिक्टोरिया राज्यात जुलै २०२० पासून वेदनाशामक देणं सक्तीचं आहे. न्यूझीलंडमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून मल्सिंगवर बंदी आहे. (शेपटी छाटणं इथेही चालतं, ते लपवत नाही.)

आता गोम. ऑस्ट्रेलियन लोकरीच्या गाठीसोबत शेतकरी एक घोषणापत्र देतो. त्यावर 'एनएम' म्हणजे मल्सिंग केलेलं नाही, 'सीएम' म्हणजे बंद केलं, 'एम' म्हणजे वेदनाशामक न देता केलं, 'एनडी' म्हणजे जाहीर केलं नाही. पण हे पत्र लोकरीच्या गाठीला जोडलेलं आहे. कातड्याला नाही! कत्तलखान्यात दहा शेतांच्या मेंढ्या एका दिवसात येतात, कातडी एकाच ढिगात मिठात जातात, आणि शेताचं नाव तिथे संपतं. म्हणून बुटावर 'मल्सिंग-मुक्त' छापलं असेल तर कोणत्या कागदावरून, एवढंच विचारा. शेतापासून कत्तलखान्यापर्यंत वेगळा कळप ठेवल्याचा पुरावा असेल तर दाखवतील. नसेल तर विषय बदलतील.

एक व्यवहारी आधार. मांसासाठीच्या संकरित कोकरांत सुरकुत्या कमी, म्हणून मल्सिंगही कमी. 'अस्सल मेरिनो' असं मिरवणाऱ्या बुटाला हा प्रश्न जास्त लागू होतो. म्हणजे जी गोष्ट जाहिरातीत भूषण म्हणून येते, चौकशी तिथेच करायची.

---

प्रेषक: प्रतापनगर, नागपूर
उत्तर: लोकरी बुटांची यादी

मूळ आणि नीती झाली, आता बूट नागपुरात जगेल कसा ते बोलू. थंडी इथे दोन महिन्यांची. पहाटे पारा ८ ते १२ वर येतो, तेवढ्यापुरते गार फरशीवर हे बूट खरेच चांगले. बाकीचे दहा महिने ते कपाटात बसतात, आणि मरतात तिथेच.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशी, आणि वर्षभर कसर. कसरीची अळी लोकर खाते, कातडं टक्कल पडल्यासारखं उघडं होतं. फेब्रुवारीत बूट ब्रशने साफ करा, पूर्ण सुकवा, आत कागदाचे बोळे भरा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि झिप असलेल्या जाड पिशवीत बंद करा. डांबरगोळी सोलला चिकटू देऊ नका, फडक्यात बांधून ठेवा. कसर लागलीच असेल तर पिशवीसकट डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, पण भरवसा पिशवीवर.

धुणं: मशीन अजिबात नको. थंड पाणी, लोकरीचा सौम्य साबण, बाहेरून स्पंजने. पिळू नका. सावलीत, पंख्याखाली दोन दिवस. हीटरसमोर किंवा उन्हात ठेवलं तर कातडं आखडून पुठ्ठ्यासारखं होतं, मग बूट पायात जात नाही.

सोल विचारून घ्या. ईव्हीए (हलका, फोमसारखा प्लास्टिक) असेल तर बरं. पॉलियुरेथेनचा सोल न वापरता दमट हवेत दोन-चार वर्षं राहिला की आपोआप भुगा होतो. कपाटातला जुना 'नवा' बूट पहिल्याच पावलाला फुटतो, तो काहून फुटला हे कुणाला कळत नाही. सोल शिवलेला असेल तर सीताबर्डी बाजारातला मोचीही पुन्हा टाके घालू शकतो. नुसता चिकटवलेला असेल तर सोल्यूशन लावून देईल, पण घासलेलं ईव्हीए नीट धरत नाही.

---

प्रेषक: धरमपेठ, नागपूर
उत्तर: लोकरी बुटांची यादी

आभार. दोन्ही माळकरी घरांना क्राइस्टचर्चच्या ताईंचं पत्र तसंच पाठवलं. एकाने नाव काढलं, त्यांच्यासाठी जाड दख्खनी घोंगडी पाहून राहिलो. दुसऱ्याने न्यूझीलंडच्या कातड्याची अट घातली आहे.

ऑर्डरच्या आधी विक्रेत्याला तीनच गोष्टी लेखी विचारतो: कातडं कोणत्या देशातलं, कमावलं कुठे, शिवलं कुठे. 'ऑस्ट्रेलिया' हा एकच शब्द तिन्हीला उत्तर म्हणून आला तर ते उत्तर धरणार नाही.

मापं पाठवताना भारतीय नंबर नुसता लिहू नका. आपला नंबर इंग्लंडच्या मापाचा. ऑस्ट्रेलियात पुरुषांचा तोच चालतो, पण बायकांचा अमेरिकेसारखा दोनने वर जातो. आपला ५ म्हणजे तिथला बायकांचा ७. संध्याकाळी, टाच भिंतीला लावून, कागदावर उभं राहून लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, दोन्ही पायांची. लोकर काही आठवड्यांत दबते, म्हणून दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या. सुरुवातीला घट्ट हवा, बोटं मात्र वळायला नकोत.

रविवारपर्यंत पाठवा. दोन पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचं माप.