कौटुंबिक छायाचित्रासाठी नऊ जणांचे कपडे कसे ठरवावेत?

प्रश्न

पुढच्या महिन्यात आमच्या तीन पिढ्यांतील नऊ जणांचे एकत्र छायाचित्र बागेत, सूर्यास्ताच्या आधीच्या तासाभरात काढून घ्यायचे ठरले आहे. सासूबाई ८१ वर्षांच्या असून चाकांच्या खुर्चीत बसतात, आणि सर्वांत धाकटी पुतणी २ वर्षांची आहे. मागच्या वेळी आम्ही सर्वांनी पांढरा शर्ट आणि निळी जीन्स असा एकच पोशाख केला होता. त्या छायाचित्रात नजर आधी पांढऱ्या पट्ट्याकडे जाते आणि मग चेहऱ्यांकडे, शिवाय सासूबाईंचे पांढरे केस शेजारच्या शर्टात मिसळून गेले आहेत. हे बहुधा आमचे सर्वांचे मिळून शेवटचे मोठे छायाचित्र असेल, म्हणून ते नीट व्हावे असे मनापासून वाटते. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १

सासूबाईंपासून करा. ज्या व्यक्तीला कपड्यांच्या बाबतीत सर्वांत कमी पर्याय आहेत, तिचा पोशाख आधी ठरवावा आणि बाकीच्यांनी त्याला जुळवून घ्यावे. आम्ही हे उलटे केले होते, आणि आईला ऐनवेळी जो रंग उरला तो घालावा लागला. ती काही बोलली नाही, पण छायाचित्रात तिचा अवघडलेपणा दिसतो.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षे कौटुंबिक छायाचित्रे काढतो. वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. सासूबाईंना आवडणारा एखादा मध्यम गडद रंग, उदाहरणार्थ विटकरी किंवा जांभळट, निवडलात तर त्यांचे पांढरे केस उठून दिसतील. त्या एका रंगाभोवती आणखी दोन-तीन रंग घ्या आणि ते नऊ जणांत असे वाटा की एकच रंग एका बाजूला गोळा होणार नाही. नक्षीचे कापड दोघातिघांनीच घालावे आणि त्या नक्षीतले रंग बाकीच्यांच्या साध्या कपड्यांत यावेत.

शुभ्र पांढरा आणि गडद काळा एकाच चौकटीत आले, तर एकाची वीण उजेडात नाहीशी होते किंवा दुसऱ्याच्या घड्या अंधारात बुडतात. म्हणून दुधी, राखाडी, मातकट अशा मधल्या छटा कॅमेऱ्याला सोयीच्या असतात. झगझगीत पोपटी किंवा नारिंगी रंग केवळ डोळ्यांत भरतो एवढेच नाही, तर त्याचा उजेड हनुवटीच्या खालच्या बाजूवर आणि शेजारच्या माणसाच्या गालावर पडतो. हा रंगाचा डाग नंतर संगणकावर काढणे फार कष्टाचे असते. हिरवळीवर उभे राहिल्यावर गवताचा रंगही असाच खालून येतो, त्यामुळे तुमच्या बागेत हिरवे कपडे मी टाळले असते. दाट, बारीक रेघांचे शर्टही नकोत, कारण कापडाची वीण आणि कॅमेऱ्यातील सेन्सरवरील, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पट्टीवरील, बिंदूंची जाळी एकमेकींशी जुळत नसल्याने कपड्यावर तरंगांसारखे पट्टे उमटतात. त्याला मोआरे म्हणतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डोळ्यांना सारखे काळे दिसणारे दोन कपडे छायाचित्रात वेगळे दिसू शकतात. काही कृत्रिम धाग्यांचे काळे कापड डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण परावर्तित करते आणि त्यांचा अंश सेन्सरपर्यंत पोहोचल्यास ते तपकिरी किंवा जांभळट भासते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सविस्तर माहितीबद्दल आभार. सासूबाईंनी स्वतःच गडद जांभळा रंग निवडला. माझा १६ वर्षांचा मुलगा मात्र मोठी अक्षरे छापलेला काळा टीशर्टच घालणार म्हणतो. त्याच्यावर सक्ती करावी का?

प्रतिसाद ३

सक्ती केलीत तर कपडा बदलेल, चेहरा बदलणार नाही. अक्षरे मात्र नकोतच, कारण छायाचित्र पाहणारा माणूस ती आधी वाचतो. त्याला तुमच्या रंगांतले तीन कपडे दाखवून त्यातला एक निवडू द्या. माझ्या मुलीच्या बाबतीत एवढ्यानेच काम झाले. धाकटीचे कपडे आणि बूट आदल्या आठवड्यात दोन-तीनदा घालून खेळू द्या, कारण टोचणारी शिवण किंवा कडक बूट असतील तर ती दहा मिनिटांत रडू लागेल. बसलेल्या माणसांचे मोजेही दिसतात, तेही पाहून ठेवा.

प्रतिसाद २ (पुन्हा)

सासूबाईंविषयी थोडे राहिले. खुर्चीत बसलेल्या व्यक्तीच्या मांडीवरचे कापड छायाचित्रात बरीच जागा व्यापते, म्हणून चुरगळणारे सुती किंवा लिनन न घेता अंगासरशी पडणारे कापड घ्यावे, आणि ते चाकात अडकेल इतके लांब नसावे. त्यांच्या चष्म्याच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या असतील तर साध्या काचांचा जुना चष्मा सोबत आणा, नाहीतर डोळे झाकले जातील. आदल्या दिवशी सर्व कपडे पलंगावर उभे राहण्याच्या क्रमाने मांडून खिडकीच्या उजेडात मोबाइलने टिपा आणि ते चित्र कृष्णधवल करून पाहा. शेजारशेजारचे कपडे एकाच करड्या छटेत मिसळले, तर त्या दोघांपैकी एकाला दुसरीकडे उभे करा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मुलाने राखाडी शर्ट निवडला आहे. चष्म्याचे तर लक्षातच आले नव्हते. सासूबाईंचा जुना चष्मा आजच शोधून ठेवते.