दर महिन्याचे सिक्युरिटी अपडेट कसे सांभाळता? (३८ पीसी, ३ शाखा)

खाडीकाठ: नमस्कार मंडळी, देवगडात एका पतसंस्थेचं सगळं आयटी माझ्या एकट्याच्या गळ्यात आहे, प्रिंटरची शाई संपली तरी फोन मलाच. अपडेट आपोआप होऊ देत होतो, पण गेल्या महिन्यात बुधवारी सकाळी काउंटर उघडला, बाहेर पेन्शनवाली मंडळी रांगेत आणि दोन्ही पीसीवर ते गोल गोल चक्र, ३० टक्के, बंद करू नका. तेवढ्यात लाईट गेली, यूपीएस चार मिनिटं टीटी करून आडवा. नंतर एक पीसी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) की मागत बसला, ती कुठे लिहिलीय कोणालाच ठाऊक नाही. मॅनेजर म्हणतात अपडेटच बंद करा. काय करू?

भरतीओहोटी: बंद नका करू हो. २०१७ चं वॉनाक्राय आठवा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं ते व्हायरस, त्यावरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) १४ मार्चला आला होता आणि हल्ला १२ मेला, मधे चालढकल केली ते सापडले. मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा, म्हणून दणका बुधवारी सकाळी. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीतून (विंडोजमधली नियम लावायची जागा) क्वालिटी अपडेट, म्हणजे हे दर महिन्याचे, ७ दिवस पुढे ढकला (३० पर्यंत जातात, पण एवढं ताणू नका). तुमचा पीसी आणि पासबुक प्रिंटर लावलेला एक, हे दोन मात्र शून्य दिवसांवर, म्हणजे काही बिघडलं तर आधी तिथेच कळेल. मोडलं तर प्रिंटरपाशीच मोडतं, माझा तरी अनुभव हाच.

मालवणी_माणूस: गाववाल्या, पावसात लाईट असा तोच मुहूर्त! आमी शनिवारी दुपारी काउंटर बंद झाल्यार एकेक शाखा घेतो, सगळी एकदम नाय.

खाडीकाठ: डब्ल्यूएसयूएस (अपडेट आपल्याच सर्व्हरवर उतरवून सगळ्या पीसींना वाटणारी मायक्रोसॉफ्टची सोय) टाकू का? एका शाखेत नेट म्हणजे डोंगलच आहे.

भरतीओहोटी: नवीन नको, मायक्रोसॉफ्टने २०२४ मधेच सांगितलंय की त्यात आता भर घालणार नाही, चालू आहे ते चालेल. एवढ्या पीसींना डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन लोकल नेटवर्कपुरतं चालू करा, एकाने उतरवलं की बाकीचे बरंचसं त्याच्याकडून घेतात, डोंगलचा डेटा वाचतो. सर्व्हरला मात्र हात लावायच्या आधी बॅकअप, आणि तो रिस्टोअर होतो का ते बघून. बिटलॉकरच्या कीज आजच काढा, कागदावर छापा, तुमच्याकडे तिजोरी आहेच की!

खाडीकाठ: तिजोरी! रोज समोर दिसते हो. ३७ कीज काढून झाल्या, तो एक पीसी अजून तसाच. त्यातला डेटा सर्व्हरवर आहे, फॉरमॅट मारतो आता.